पिवळ्या डोळ्यांच्या गाई

भर दुपारी बाराच्या उन्हात चुनखडीच्या टेकडीवर दोनशे माणसं उभी होती. सगळ्यांच्या नजरा गुहेच्या काळ्या तोंडावर खिळलेल्या. आतून आधी घंटा वाजली, मग धुपाचा लोट आला, आणि त्या धुरातून एका तांबड्या गाईचं दावं धरून मांत्रिक जेरो तांगकास बाहेर पडला.

गाय होती पाड्याचा प्रमुख, म्हणजे क्लियान, तिस्ता याच्या घरची. तीन आठवड्यांपूर्वी हीच गाय ऊन दिसलं की वेड लागल्यासारखी घळीत पळायची आणि खडकात डोकं खुपसून उभी राहायची. नाकपुड्या भेगाळून काळ्या पडलेल्या. मागच्या पांढऱ्या भागाची कातडी जुन्या रंगासारखी पोपडे धरून सुटत होती. डोळे तर हळद कालवल्यासारखे. ती आता माथ्यावरच्या सूर्याखाली शांत उभी राहिली, कान हलवले आणि शेपटीनं माश्या उडवल्या.

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. बायकांनी हात जोडून कपाळाला लावले.

"हिला ऊन का नको वाटायचं?" तांगकासनं विचारलं. आवाज असा, की दर्यावरच्या होड्यांतही ऐकू जावा. "कारण रात्रीची हिच्या काळजावर बसायला कुणीतरी येत होती! लेयाक! रात्री काळीज चाटायची आणि दिवसा हिला उजेडाची भीती घालायची. बघा ना, कातडी कुठं सोलली? पांढऱ्यावर! तांबड्यावर नाही! चेटकिणीचा हात पांढऱ्यावरच उमटतो."

लोकांनी पाहिलं. खरंच, तांबड्या कातडीला ओरखडाही नव्हता.

"कुणी म्हणेल, तांगकास थापा मारतो. बाबांनो, मी चौथी नापास माणूस. मला मंत्र येतात, आकडे येत नाहीत. म्हणून आकडे मी सरकारलाच विचारले!" त्यानं कमरेच्या शेल्यातून दोन कागद काढले आणि क्लियानच्या हातात दिले. "वाच."

क्लियाननं घसा साफ केला. "पहिला कागद. एएसटी, अकराशे चाळीस. शेरा, यकृताला गंभीर इजा. दुसरा कागद. एएसटी, एकशे दहा. शेरा, यकृत पूर्ववत. सही, डॉक्टर सुवित्री."

डॉक्टर सुवित्री गर्दीच्या कडेलाच उभी होती.

"बू डॉक्टर," तांगकास गोड हसला, "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आकडा खाली आला ना?"

"आला. पण..."

"आला!" त्यानं दोन्ही हात वर केले. त्या गलक्यात तिचं 'पण' कुणाला ऐकूच गेलं नाही.

गलका ओसरल्यावर तो हळू आवाजात बोलू लागला, आणि ते जास्त भयंकर होतं. "गाईतून ती गेली. पण गेली कुठं? आपल्या घरी. वरच्या पाड्यात घरोघर गाई पिवळ्या पडल्यात. पडल्यात ना? मग एकाच गोठ्यातल्या गाई कशा धडधाकट राहिल्या? मी नाव घेत नाही. आठ दिवसांनी काजेंग क्लिवोन आहे. त्या दिवशी तिची ताकद दसपट होते. त्याच्या आत काय ते बघा."

नाव कुणीच घेतलं नाही. पण माना वळल्या, आणि सगळ्या एकाच दिशेला वळल्या. उताराच्या टोकाला म्हाताऱ्या मेन सुक्रीचं घर होतं.

सुवित्रीला बालीशेजारच्या नुसा पेनिदा या लहान बेटावरच्या पशुआरोग्य केंद्रात येऊन सात महिने झाले होते. ती उत्तर बालीतली. लहानपणी तिच्या गावातही काजेंग क्लिवोनच्या दिवशी तिन्हीसांजेला दारं लागत. एका माणसाला वाळीत टाकलेलं तिनं पाहिलं होतं. त्याच्याशी कुणी बोलत नसे, कुणी विस्तव देत नसे, आणि मेल्यावर त्याला स्मशानात जागा मिळाली नव्हती. इथं तर त्याहून वाईट. या बेटावर नदी नाही, विहीर नाही. पावसाळ्यात टाक्यांत साठवलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत पुरवायचं. वाळीत टाकलेल्याला टाकीवर बादली लावता येत नाही.

केंद्रात परत येताच तिनं नोंदवही उघडली. तिस्ताच्या गाईच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'गाय घळीत लपलेली. सहा जणांनी दोरानं ओढून काढली. दोनदा खडकावर पडली. पाय बांधून आडवी पाडून रक्त घेतलं.'

तिनं ती नोंद पुन्हा वाचली.

एएसटी यकृताच्या पेशीत असतं, हे खरं. पण ते स्नायूंतही असतं. पेशी फुटली की ते रक्तात उतरतं, आणि आलं कुठून, हे रक्त सांगत नाही. ज्या गाईला सहा जणांनी खडकावरून फरफटत आणलं, तिचं मांस चेचलं गेलेलं असणारच. तो आकडा मोठा होता तो कितपत काळजाचा आणि कितपत त्या दोरांचा? कळायला मार्ग नव्हता. सोबत आणखी तीन तपासण्या हव्या होत्या. पण केंद्राच्या लहानशा यंत्रात घालायच्या त्याच एका तपासणीच्या पट्ट्या शिल्लक होत्या, आणि तिनं, शिकलेल्या डॉक्टरनं, एका आकड्यावर बेधडक लिहून टाकलं होतं: यकृताला गंभीर इजा. तीन आठवड्यांत चेचलेलं मांस भरून आलं, आकडा उतरला, तर पुन्हा तिनंच लिहिलं: यकृत पूर्ववत.

एका म्हातारीच्या गळ्यात दोर अडकवला जात होता, आणि तो वळला होता तिच्या सहीनं.

"ब्ली," तिनं केंद्रातल्या सहायकाला, सुदर्साला, दादा म्हणून हाक मारली, "उद्या सकाळी मेन सुक्रीकडे जायचंय."

सुदर्सा वरच्या पाड्यातलाच. पंचेचाळीशीचा, बैलाला एका हातानं आडवा करणारा गडी. तो जागचा हलला नाही. "त्या घरी? आता?"

"का? भीती वाटते?"

"वाटते," तो सरळ म्हणाला. "तुम्हाला नाही वाटत?"

सकाळी निघताना त्यानं मनगटावर तिरंगी मंतरलेला दोरा बांधला होता आणि तसाच एक तिच्यापुढे धरला. तिनं तो नाकारला नाही. खिशात टाकला.

मेन सुक्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. अंगणात ताजे दगड पडले होते, कौलं फुटली होती. साठी उलटलेली बाई, डावा खुबा निकामी झालेला, काठीवाचून चार पावलं टाकता येत नव्हती. लेक सुक्री, जिच्यावरून तिला मेन सुक्री, म्हणजे सुक्रीची आई, म्हणत, मोठ्या बेटावर हॉटेलात चादरी धुवायला होती.

"मेमे, दगड कधी मारले?" सुवित्रीनं आईला हाक मारावी तसं विचारलं.

"काल संध्याकाळी. पोरं होती गं. मी ओळखते सगळ्यांना. दोघांच्या बाळंतपणाला मीच होते." ती उठून चूल पेटवू लागली. "कॉफी घे. पाणी आहे अजून थोडं. टाकीवरनं माझी बादली त्यांनी फेकून दिली."

सुदर्सा अंगणाबाहेरच थबकला होता. सुवित्रीनं कॉफी घेतली. पेला तोंडाला लावताना क्षणभर तिचा हात अडखळला. लेयाकच्या घरचं खाऊ-पिऊ नये, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं. त्या अडखळण्याची तिला लाज वाटली आणि तिनं मोठा घोट घेतला.

म्हातारीनं ते पाहिलं होतं. ती समोर बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. एखादी बाई लेयाक असते आणि तिला स्वतःलाच ठाऊक नसतं, असं होतं का?"

सुवित्री तिच्याकडे पाहू लागली.

"मी झोपते ना," म्हातारी सांगत राहिली, "मग मला काय ठाऊक, मी कुठं जाते ते? सगळे म्हणतात तर... दोन रात्री मी दाराला आतून दोरी बांधून पायाला गुंडाळून झोपले. सकाळी दोरी तशीच होती. पण म्हणे शरीर घरीच राहतं, जीव जातो."

दगडांपेक्षा हे भयंकर होतं. दगड बाहेरून येत होते. ही भीती तिच्या आत घर करून बसली होती.

"मेमे, तुमच्या गाई काय खातात?" सुवित्रीनं विचारलं.

"आं?"

"चारा. कुठं चरायला सोडता?"

"मी कुठली सोडतेय! हा पाय बघ ना. पूर्वेच्या उतारावर सगळ्यांची गुरं जातात, मला तो चढ झेपत नाही. कुंपणाच्या गामालच्या झाडांचा पाला ओरबाडते, केळीचा खुंट चिरते, तेच घालते. बिचाऱ्या दोन वर्षं झाली, या गोठ्यातच आहेत."

सुवित्रीनं पेला खाली ठेवला. "ब्ली!" तिनं हाक मारली. "नळ्या घेऊन आत या. या दोघींचं रक्त घ्यायचंय."

सुदर्सा आत आला. मनगटावरचा दोरा चाचपत आला, पण आला.

पुढचे दोन दिवस ती दोघं घरोघर फिरली. बारा गाई झाल्या: पिवळ्या पडलेल्या आठ, अजून न पडलेल्या दोन आणि मेन सुक्रीच्या दोन. या वेळी एकाही गाईला ओढू दिलं नाही, पाडू दिलं नाही. सुदर्सा मानेवरून हात फिरवत कानात काहीबाही पुटपुटायचा आणि गाय उभ्या उभ्या रक्त द्यायची. रेंजी नावाच्या विधवेनं मात्र दारातूनच परत पाठवलं. "माझी मेली परवा," ती म्हणाली. "जेरोकडे नेली होती. त्यानं पापणी उलटी करून पाहिली आणि म्हणाला, हिचं काळीज खाऊन संपलंय, परत ने. आता तुम्ही काय मेलेल्याचं रक्त काढणार?"

"पापणी पाहून परत पाठवली?"

"सहा जणांच्या पाठवल्या. सहाही मेल्या. त्याचा शब्द खोटा होत नाही."

तेरावं रक्त गुहेतल्या बऱ्या झालेल्या गाईचं. तांगकास खाली पाड्यात यजमानाकडे जेवायला गेला होता, आणि तिस्ता स्वतः सोबत आला, कारण गाय त्याची होती. सुदर्सानं रक्त घेतलं. सुवित्री आत-बाहेर पाहत राहिली. गुहेत गारवा, अंधार. गव्हाणीत केळीचे खुंट आणि वाळकी मक्याची ताटं. कोपऱ्यातल्या मडक्यात काळी पूड.

"ही स्मशानातली राख," तिस्ता भक्तिभावानं कुजबुजला. "रोज पाण्यात कालवून पाजतात."

तिनं चिमूट उचलून बोटांवर घासली. करवंटीचा कोळसा. पोटातलं विष शोषून घ्यायला ती स्वतःही तोच देते.

ती बाहेर आली आणि गुहेच्या तोंडापाशी उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की इथं मोकळं वाटतंय. गेल्या वर्षी पूर्वेचा उतार वणव्यात जळाला होता आणि राखेतून एकच झुडूप माजलं होतं. खरखरीत पानं, उग्र वास, लाल-पिवळे चिमुकल्या फुलांचे झुबके. घाणेरी. गवत वाळून गेलेलं, हिरवं म्हणून फक्त तेवढंच. भुकेली गुरं नाक मुरडत मुरडत तेच खात होती. सगळा उतार त्यानं भरला होता. फक्त गुहेभोवती शंभर पावलांत एक काडी नव्हती. जमिनीत ताजे खड्डे होते, आणि खालच्या घळीत मुळांसकट उपटलेल्या घाणेरीचा ढीग वाळत पडला होता.

तांगकास नुसता भाबडा मांत्रिक असेल, अशी तिला आशा होती. पण या माणसाला सगळं ठाऊक होतं.

खोक्यात बर्फ भरून नळ्या होडीनं मोठ्या बेटावरच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या. आणि दर्या खवळला. होड्या बंद. फोनही लागेना, म्हणून ना तिकडची खबर, ना इकडची. सुवित्री रोज धक्क्यावर जाऊन लाटा पाहून परत येई. बर्फ वितळला असेल, नळ्या खराब झाल्या असतील, किंवा नळ्या शाबूत असतील आणि आपलाच तर्क चुकीचा निघेल. एकदा चुकलेली माणसं पुन्हाही चुकतात. क्लियाननं सभा ठेवली होती काजेंग क्लिवोनच्या आदल्या दुपारी चारला. ठराव ठरल्यासारखाच होता: मेन सुक्रीला वाळीत टाकायचं, तिच्या दोन्ही गाई शुद्धीसाठी जेरोच्या हवाली करायच्या.

त्याच दिवशी दुपारी एकला तिचा फोन वाजला. आकड्यांचं एक पान आलं होतं. तिनं ते तीनदा वाचलं. मग कागदावर उतरून चौथ्यांदा वाचलं. या वेळी तिला घाई करायची नव्हती.

सभागृह म्हणजे चारी बाजूंनी उघडं छप्पर. पुरुष मांडी घालून बसलेले, बायका कडेनं उभ्या. मेन सुक्रीला एका खांबाजवळ एकटीला बसवलं होतं, आणि तिच्याभोवती चारही बाजूंना माणसाच्या उंचीएवढी जागा मोकळी होती. तांगकास मधोमध उशीवर.

"मला बोलायचंय," सुवित्री म्हणाली. तिनं हातातला कागद उलगडला.

"बोला, बू डॉक्टर," तिस्ता म्हणाला.

"ते दोन कागद चुकीचे होते. आकडे बरोबर, पण माझे शेरे चुकीचे. त्या आकड्यावरून काळजाबद्दल काही सांगता येत नाही, आणि मी सांगितलं. चूक माझी आहे."

कुजबुज उठली. सरकारी माणूस चूक कबूल करतो, हे कुणी पाहिलं नव्हतं.

तांगकास हसला. "बघा, बघा! त्या घरची कॉफी प्यायली ही. तिथून आल्यापासून शब्द फिरवतेय. बाबांनो, आवाज डॉक्टरचा आहे, पण बोलतंय कोण?"

शेजारची बाई सुवित्रीपासून दोन पावलं सरकली. मग दुसरी. क्षणात तिच्याभोवतीही मोकळी जागा पडली. ती जागा कशी गार लागते, हे तिला तेव्हा कळलं. पण खांबाजवळची म्हातारी तिच्याकडेच पाहत होती.

"बोलतेय मीच," ती म्हणाली. "आता नीट ऐका. अंगात तीन-चार निरोपे असतात असं समजा. एएसटी नावाचा निरोप्या बावळट आहे. मांस चेचलं तरी ओरडतो, काळीज दुखावलं तरी ओरडतो. तिस्ता, त्या दिवशी तुमची गाय किती जणांनी ओढली?"

"सहा," तिस्ता म्हणाला. "दोनदा पडली."

"म्हणून तो एवढा ओरडला. दुसरा निरोप्या सीके. तो फक्त मांसाचं सांगतो. या वेळी कुठल्याच गाईला पाडलं नाही, म्हणून तेराही जणींत तो गप्प आहे. तिसरा जीजीटी. तो पित्ताच्या नळ्यांचा. पित्त तुंबलं की तो बोलतो. चौथं बिलीरुबिन, ज्यानं डोळे पिवळे होतात. तुमच्या आठही पिवळ्या गाईंत जीजीटी आणि बिलीरुबिन दोन्ही चढलेले. म्हणजे पित्त तुंबलंय. अजून न पिवळ्या पडलेल्या दोघींतही जीजीटी चढायला लागलाय. मेन सुक्रीच्या गाईंत चारही गप्प."

"हेच तर!" तांगकास गरजला. "तिच्याच गप्प!"

"हो, कारण तिच्या गाई पूर्वेच्या उतारावर जात नाहीत. तिथली घाणेरी खात नाहीत. घाणेरीचं विष पित्त तुंबवतं. हिरव्या पाल्यातला जो रंग पोटात विरघळतो, तो एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. पित्त तुंबलं की तो रक्तातून कातडीत जातो, आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. तांबडी कातडी ऊन अडवते, पांढरी अडवू शकत नाही. म्हणून पांढऱ्यावर सोलतं. कुणाचा हात नाही, बाबांनो. ऊन आहे."

तांगकासनं मान डोलावली, एखाद्या लहान पोराचं ऐकावं तशी. "छान. मग माझ्या गुहेत गाय बरी कशी झाली? मंत्रानं की तुमच्या निरोप्यांनी?"

"सावलीनं. कोरड्या चाऱ्यानं. करवंटीच्या कोळशानं, ज्याला तुम्ही राख म्हणता. आणि ती पुरती बरी झालेलीच नाही. तिचा जीजीटी अजून चौपट आहे. उद्या उतारावर सोडा, परत पिवळी पडेल. जेरो, तुमची एकच गोष्ट मला विचारायची आहे. एक आजारी गाय गुहेत न्या, हवे तेवढे मंत्र म्हणा. चारा मात्र मी उतारावरचा कापून आणून घालीन. चालेल?"

तांगकासचं हसू किंचित उशिरा आलं. "देवीला बाहेरचा चारा चालत नाही."

"का? गुहेभोवतीची घाणेरी तुम्ही मुळासकट उपटली. शंभर पावलं. उपटलेला ढीग घळीत पडलाय. विष कुठलं, हे ठाऊक नव्हतं तर उपटली कशाला?"

"देवीनं सांगितलं!"

कडेला उभी असलेली रेंजी पुढे आली. तिचा आवाज चिरकला होता. "तुला देवीनं सांगितलं? मग तू आम्हाला का नाही सांगितलंस? माझी गाय तेच खात होती. तू पापणी उलटून पाहिलीस आणि पिवळीधमक दिसली म्हणून परत पाठवलीस! थोडी पिवळी ती ठेवायची, जास्त पिवळी ती चेटकिणीच्या नावावर मारायची, होय ना रे?"

तिस्ता उठला. "चला, बघून येऊ." दहा-बारा पुरुष त्याच्यामागे टेकडी चढले. अंधार पडायच्या आत परत आले. तिस्ताच्या हातात घाणेरीचं वाळकं मूळ होतं. ते त्यानं तांगकासच्या उशीपुढे ठेवलं.

तरी भीती एका झाडाच्या मुळानं जात नाही. मागून कुणीतरी म्हणालंच, "झाडाचं खरं असेलही. पण लेयाकही असेल. कशाला धोका घ्या?"

"मग तपासून पाहा," सुवित्री म्हणाली. "एक आजारी गाय मेन सुक्रीच्या गोठ्यात बांधा. अंधार, कोरडा चारा, कोळसा. मंत्र नाही, दोरा नाही. ती म्हातारी स्वतःच्या हातानं खाऊ घालील. घाणेरी फार पोटात गेली असेल तर गाय कशानंही वाचत नाही, हे आधीच सांगते. पण चेटकीण असेल तर गाय मरेलच. कोण देतं?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले.

"माझी न्या," सुदर्सा म्हणाला.

सुवित्रीनं वळून पाहिलं. "मला भीती वाटते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लेयाकवर माझा विश्वास आहे, लपवत नाही. पण हातानं तेरा गाईंचं रक्त मी काढलंय. चारा कुणाचा काय, ते डोळ्यांनी पाहिलंय. एकाच वेळी दोन्ही खरं कसं असेल? माझी गाय न्या."

ठराव तीन आठवडे पुढे ढकलला गेला. मेन सुक्रीची बादली टाकीवर परत लागली. काजेंग क्लिवोनची सकाळ उजाडली, तेव्हा जेरो तांगकास दर्या निवळताच सुटलेल्या पहिल्याच होडीनं निघून गेला होता.

ते तीन आठवडे सुवित्रीला नीट झोप लागली नाही. घाणेरी जास्त पोटात गेली असेल तर गाय काहीही केलं तरी मरते, हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते सभेत सांगितलंही होतं. पण गाय मेली असती तर ते वाक्य कुणाला आठवलं असतं? चौथ्या दिवशी गाईनं खाणं सोडलं. मेन सुक्री काठी टेकत रात्रंदिवस तिच्याजवळ बसली, केळीच्या खुंटाचे बारीक काप करून तोंडात भरवत. सहाव्या दिवशी गाईनं आपणहून तोंड लावलं. दहाव्या दिवशी रक्त घेतलं, बिलीरुबिन उतरत होतं. एकविसाव्या दिवशी डोळे पांढरे झाले. जीजीटी अजून वर होता, आणि सुवित्रीनं या वेळी शेरा लिहिला: 'सुधारणा आहे. पूर्ण बरी नाही. आणखी सहा आठवडे उतारावर सोडू नये.' कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि प्रत्येक आकडा कशाचा, हे पुन्हा सांगितलं. रेंजीनं दोनदा विचारलं. तिनं दोनदा सांगितलं.

मग सगळा पाडा उतारावर गेला आणि घाणेरी उपटू लागला. हात खाजले, काटे रुतले, शिव्या दिल्या, पण उपटली. मेन सुक्रीच्या अंगणात दगड पडायचे थांबले. माफी मागायला नैवेद्याचं ताट घेऊन तिच्या दारी सगळेच आले असं नाही. दोन घरं अजूनही तिच्या सावलीपासून पोरांना दूर ओढतात. भीती झुडपासारखी एका दिवसात मुळासकट निघत नाही.

हे सगळं इथं सांगायचं कारण एवढंच. तुमच्याही गोठ्यात कधी एखादं जनावर अचानक खंगेल, किंवा घरात माणूस, आणि कुणीतरी मोठ्या आवाजाचा येऊन म्हणेल, कारण मला कळलंय, अमक्या घरात आहे. हातात आकड्यांचा कागद असला तर त्याला आणखी जोर चढेल. घाबरायला हरकत नाही. सुवित्री घाबरली होती, सुदर्सा घाबरला होता. पण त्या माणसाला दोन गोष्टी विचारा. हा आकडा कशाचा, आणि दुसऱ्या कशानं तो असाच चढतो का? आणि कुणाच्या दारावर दगड उचलण्याआधी, आपल्या गाईनं काल काय खाल्लं, ते स्वतः जाऊन बघा.